रेनडिअरच्या गळ्यातली पाटी

‘पोरीच्या कानात खोट हाय, अन् ती आपल्यापास्नं लपवून ठिवली त्यांनी’ — असं म्हणाल्या आमच्या सासूबाई. तुम्ही विचारलंत ना मघाशी, काका, की वहिनी, घरातून एवढ्या हाका येतायत आणि तुम्ही वळून बघत कशा नाही — तर हे त्याचं उत्तर. परवा म्हणाल्या त्या. त्या मेथी निवडत होत्या, मी त्यांच्या शेजारी, हात लांब केला तर पदर धरता येईल इतक्या जवळ, लसूण सोलत होते, आणि सासरे समोर पेपर वाचत होते. कुजबुजून वगैरे नाही हं, चांगल्या मोकळ्या आवाजात. माझ्यासमोर कुजबुजायचं कशाला, मला कुठं ऐकू येतं? सासरे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, ‘लग्नाआधी बघाया पायजे व्हतं.’ आणि मी लसूण सोलत राहिले. काय करणार? ऐकलं म्हणावं, तर आत्तापर्यंत ऐकलेलं सगळंच कबूल करावं लागतं.

चहा घ्या तुम्ही, गार होईल. साखर बरोबर आहे ना? — हो हो, नाव सांगते, नाव सांगायलाच तर पाठवलंय मला आतून. ‘तो पेंटर कवाचा ताटकळलाय, त्याला नाव सांगून ये’ — एवढंच काम. पण थोडं थांबलात तर बरं होईल. ब्रश टर्पेंटाइनमध्ये ठेवा हवं तर. आतली जेवणं अजून संपायचीयत, कुणी लगेच बाहेर येत नाही. मी सहसा एवढी बोलत नाही. घरात तर नाहीच. पण तुम्ही अनोळखी, पाटी वाळली की तुमची स्कूटर काढून निघून जाल — आणि तुम्हाला माझं नाव माहीत नाही, त्याचं मला फार बरं वाटतंय. वहिनी म्हणा. वहिनी चालतं.

आता हे बघा ना तुमच्यासमोर उभं आहे ते. वाघोलीत, भर दुपारी, पलीकडे बिल्डिंगचं काम चाललंय, इकडे बुफेच्या टेबलांचा ढीग, आणि मध्ये हिरवळीवर एक रेनडिअर. आमचे धाकटे दीर, रणजित, ते घेऊन आले. सातारा रोडला कुठलंसं हॉटेल बंद पडलं, त्याच्या बागेत उभा होता म्हणे. टेम्पोत घालून आणला — शिंगं बाहेर काढून, त्यांना लाल फडकं बांधून, लोखंडी सळ्यांना बांधतात तसं. ‘वहिनी, नाताळला चालेल, थर्टी फर्स्टला चालेल, आणि लग्नात लहान पोरांना सेल्फी पॉइंट.’ चालेल. आमच्याकडे सगळं चालतं. परवाच्या लग्नात नवरदेवाच्या मामानं त्याच्या शिंगाला आपला फेटा अडकवून ठेवला आणि जेवायला गेला. एक कान तुटून आला होता, तो मी चिकटवला. डावीकडचा. नाही कळत ना? मी बरीच खटपट केली त्यासाठी. कानाचं काम माझ्याकडे यावं याचं मला तेव्हा हसू आलं नव्हतं, आता येतंय.

तर तो आला तेव्हा गळ्यात जुनी पाटी होती — तीच, तुम्ही घासून काढलीत ती. ‘बंटी’ लिहिलेलं होतं, लाल रंगात, खाली छोटंसं बदाम. आणि त्या पाटीवरून आमच्या घरात जे सुरू झालं ते अजून चालूच आहे. रणजितचं म्हणणं, बंटी हे काय नाव आहे? बंटी आपला जनरेटरवाला आहे. खरंच आहे हो. लॉनवर उभं राहून बंटी म्हणून हाक मारली की तो डिझेलचा कॅन घेऊन धावत येतो. रणजितला काहीतरी परदेशी पाहिजे. स्नोई म्हणाले, मग ॲस्पेन म्हणाले, मग मॅव्हरिक. सासूबाईंना ॲस्पेन म्हणता येईना, त्या म्हणाल्या, ‘त्ये डोकं दुखल्यावर घेत्यात त्ये का?’ त्यांचं आपलं सोन्या. घरात येणाऱ्या प्रत्येक चार पायांच्या वस्तूला त्या सोन्या म्हणतात, एकदा नव्या सोफ्यालाही म्हणाल्या होत्या. आणि आमचे हे, विश्वजीत, खराडीला कंपनीत आहेत, तिथं शिकून आलेत, ते म्हणाले, ग्रुपवर पोल टाकू. टाकला. सगळ्या भावकीनं मतं दिली. भावकीतल्या एका काकांनी तर रात्रभर विचार करून सकाळी आपलं मत बदललं. फायबरच्या जनावरासाठी! मी बघत होते, काका, आणि मला खरं सांगायचं तर कौतुकही वाटत होतं — नाव ठेवणं म्हणजे केवढा विचार असतो, एखाद्याला हाक कशी मारायची याच्यावर माणसं जेवताना घास हातात धरून भांडतात, हे मी पहिल्यांदाच बघत होते.

पण सासरे — अण्णा म्हणतो आम्ही त्यांना, रंगराव — ते पहिल्या दिवशी जे म्हणाले त्यावरून हलले नाहीत. ‘आलेल्या जनावराचं नाव बदलायचं नसतंय.’ संपलं. रणजित म्हणाले, ‘अण्णा, फायबर आहे ते.’ ‘असंना का. जनावर त्ये जनावर.’ तुम्ही हसताय, पण त्यांचं ते अनुभवाचं बोलणं आहे. बैलगाडा शर्यतीचा नाद होता त्यांना, अजूनही ऐकायला बसतात. एकदा चाकणच्या बाजारातून एक बैल आणला, पाखऱ्या नावाचा. पाखऱ्या हे नाव अण्णांना हलकं वाटलं, त्यांनी त्याचं नाव सुलतान ठेवलं. गुलाल लावला, पेढे वाटले, सगळं केलं. शर्यतीच्या दिवशी घाटात, म्हणजे गाडे पळतात त्या पट्ट्यात, उभा केला, सगळं गाव ओरडतंय, सुलतान, सुलतान — आणि सुलतान आपला मांडवाची आंब्याची पानं खातोय. कान पण हलवेना. आणि मग गर्दीतून त्याचा जुना मालक, जो नुसता बघायला आला होता, त्याला राहवलं नाही आणि तो ओरडला, ‘पाखऱ्याऽऽ!’ — की सुटला हो! पळाला असा की काय सांगू — पण घाटात नाही, सरळ त्या मालकाकडे, माणसं तुडवत. तेव्हापासून अण्णांचा नियम. दावणीला जनावर आणलं की आधी विचारायचं, नाव काय याचं. आणि मग लांबून हाक मारून बघायची. ‘कान वळलं की समजायचं, ह्ये त्याचं नाव.’ असं म्हणतात ते. आणि त्यांचं म्हणणं, चांगलं नाव म्हणजे जे शेताच्या या बांधावरून त्या बांधापर्यंत जातं ते. शेवटाला तोंड उघडं राहिलं पाहिजे. सर्जा. राजा. पाखऱ्या. मी पोळ्या लाटता लाटता मनातल्या मनात म्हणून बघितलं, आणि खरंच आहे ते.

तेजस्विनी जात नाही एवढ्या लांब. स्वयंपाकघरातून निघतं आणि जनरेटरपाशी मोडतं.

हो, तेच. वर बघा, कमानीवर. ‘तेजस्विनी लॉन्स.’ रात्री मधल्या अक्षराचे दिवे लागत नाहीत, त्यामुळे रात्री मी ‘तेज नी’ असते. लोकांना वाटतं, लॉनला सुनेचं नाव दिलं, केवढं कौतुक! लग्नाला आलेल्या बायका मुद्दाम येऊन सांगतात मला, नशीबवान आहेस हो. मी हसते. अहो, लॉन माझ्या आधीपासून आहे. शेती होती इथं, ती गेली, लॉन झालं, आणि गुरुजींनी सांगितलं, धंद्याला ‘त’ लाभेल. लाभला. मग ठरलं की घरात येणारी सूनही ‘त’चीच पाहिजे, आणि नवीन नाव कशाला शोधा, एक तयार आहेच. स्टीलची अक्षरं, आत दिवे, एवढ्या उंचीवर — ती बदलण्यापेक्षा मला बदलणं सोपं होतं. मी रागानं नाही म्हणत. खरंच सोपं होतं. कमानीला क्रेन लागली असती.

ताटात तांदूळ पसरतात ना लक्ष्मीपूजनाला, आणि नवरा त्यात अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितो — तुमच्याही घरी झालं असेल. मी लग्नाआधी विचारलं होतं. विश्वजीत म्हणाले होते, ‘चिल गं, आमच्यात तसलं काही नाही.’ ताट समोर आलं तेव्हा सासूबाई विश्वजीतच्या कानाशी वाकल्या, विश्वजीतनी माझ्याकडे एकदा बघितलं, अर्धवट, आणि लिहायला लागले. तुम्ही अक्षरांतले माणूस, तुम्हाला पटेल — तांदळात जोडाक्षर उमटत नाही हो. ‘तेज’ छान आलं. ‘स्वि’ला तांदूळ ढासळले. सारखे केले, परत लिहिलं, परत ढासळले. सगळे हसले, मीसुद्धा हसले, आणि कुणीतरी म्हणालं, असू द्या, कळतंय. फोटोवाला म्हणाला, मॅडम इकडे बघा. झालं. या रेनडिअरसाठी पोल टाकला होता, आणि माझ्या वेळी पंगतीला उशीर होत होता. दुसऱ्या दिवशी तोच तांदूळ मी धुवून कुकरला लावला. भात बरा झाला होता.

आणि तेव्हापासून मला ऐकू येत नाही. म्हणजे कसं होतं — या घरात दिवसभर ‘तेजस्विनी’ चाललेलं असतं. ‘तेजस्विनी रविवारी फुल्ल आहे.’ ‘तेजस्विनीचं ड्रेनेज तुंबलंय, माणूस पाठवा.’ ‘तेजस्विनी अर्धी देता का, दुसरी अर्धी बारशाला?’ एकदा अण्णा फोनवर कुणाला तरी म्हणत होते, तेजस्विनीत यंदा खर्च फार झाला, आता पुढच्या वर्षी बघू. तर आता मला सांगा, त्यातलं नेमकं कुठलं ‘तेजस्विनी’ आतून चहा टाकायला बोलवतंय, हे माणसानं कसं ओळखायचं? मी ओटा पुसत असते, मागून हाक येते, आणि मला वाटतं, असेल लॉनचं काहीतरी. दोनदा येते, तिसऱ्यांदा येते. मग सासूबाई खांद्याला हात लावतात आणि एकेक शब्द सुटा करून मोठ्यानं सांगतात — ‘चहा. टाक. दोन. कप.’ असं. मायेनंच सांगतात हो. बिचाऱ्या आता माझ्याशी बोलताना हातवारेसुद्धा करतात.

सुरुवातीला खरंच कळायचं नाही मला. मग — आता बोलतेच आहे तर — मग कळायला लागलं. हाक माझ्यासाठी आहे, हे कळायचं. तरी मान वळायची नाही. वळवायची नाही असं काही ठरवलं नव्हतं मी. मान थांबायची तिथंच, आणि मी तिला काही म्हणायचे नाही. आणि मग त्या सगळ्यांनी माझ्यासमोर मोकळेपणानं बोलायला सुरुवात केली. काय काय ऐकलं म्हणून सांगू! माझ्या आईनं मानाच्या साड्या कशा हलक्यातल्या दिल्या. शिरूरची एक मुलगी सांगून आली होती, ती कशी उजळ होती. चांगलंही ऐकलं हं, खोटं नाही बोलणार — अण्णा एकदा म्हणाले, ‘पोरगी गुणी हाय, कान गेलं म्हणून काय झालं.’ मला गहिवरून आलं, आणि वळून बघताही येईना.

विश्वजीत? त्यांना माहीत आहे की. खोलीचं दार लावलं की ते मला शेफाली म्हणतात. हळू. दार उघडलं की तेजू. मी एकदा म्हटलं, बाहेर पण म्हणा ना. तर म्हणाले, ‘अगं, आईला वाईट वाटेल, थोडं ॲडजस्ट कर, होईल सवय.’ चांगले आहेत ते. सगळेच चांगले आहेत, तीच तर पंचाईत आहे. वाईट असते तर भांडले असते.

हो. शेफाली. बघा, सांगितलं शेवटी. तुमच्या तोंडून गेलं तर ऐकायला बरं वाटेल, पण नको, राहू दे.

वडिलांनी ठेवलं. माझे वडील मार्केट यार्डात तोलणार आहेत, गुलटेकडीला, गाळ्यावर माल तोलतात. नाशिककडून द्राक्षाचा ट्रक यायचा एक, त्याच्या मागच्या फळीवर लिहिलेलं होतं, ‘शेफाली’ — पिवळ्या रंगात, खाली काळी सावली, आणि ‘ली’ची वेलांटी अशी कमानीसारखी पार मागं नेलेली. तो ट्रक रिकामा होईपर्यंत वडील त्या अक्षरांकडे बघत बसायचे म्हणे. माझा जन्म झाला तेव्हा घरात सगळ्यांचं सुमन ठरलं होतं, आत्या बारशाला कानात सुमन सांगणार, तेवढ्यात वडील म्हणाले, नाही, शेफाली. कुणाला अर्थ माहीत नव्हता. वडिलांनाही नव्हता. अर्थ बिर्थ काही नाही, अक्षर आवडलं. तुमच्यासारख्याच कुणीतरी काढलेलं असणार ते, नाही? तुम्ही ट्रक रंगवायचात का पूर्वी? — वाटलंच मला. हाताचं वळण तसं आहे.

आणि वडिलांची हाक! त्या यार्डात सगळे ओरडूनच बोलतात, हमाल, आडते, टेम्पोवाले, कुणाचं कुणाला ऐकू जात नाही. मी डबा घेऊन गेले की एवढ्या कांद्याच्या गोण्यांवरून, माणसांच्या डोक्यांवरून ती हाक यायची — शेफाऽऽली! — सगळा गाळा ओलांडून. मला कधी शोधावं लागलं नाही ते कुठं आहेत. अण्णांच्या हिशोबात ते चांगलं नाव आहे, काका. लांब जातं. ‘ली’ला तोंड पुरतं उघडत नाही, पण ‘फा’ला उघडतं ना, तेवढं पुरतं.

मागच्या महिन्यात इथल्या मॉलमध्ये गेले होते, डाळी-बिळी आणायला. मागून कुणीतरी म्हणालं, ‘शेफाली, पळू नकोस!’ — मी अशी गर्रकन वळले की बास्केटमधलं तेल पडलं खाली. एवढीशी मुलगी होती. झबल्यातली. तिच्या आईची हाक होती. ती बाई मला सॉरी म्हणाली, तिला वाटलं तिच्या पोरीमुळं दचकले मी. आणि मी तिथं त्या बिस्किटांच्या रांगेत — जाऊ दे. घरी येताना ठरवलं की सांगायचं. सासूबाई भाकरी थापत होत्या. मी विषय काढायचा म्हणून विचारलं, आई, तुमचं माहेरचं नाव काय हो? आनंदीबाई त्यांचं सासरचं नाव. त्या थापायच्या थांबल्या. माझ्याकडे बघितलं, मग परातीकडे. मला वाटलं, सांगतायत. मग म्हणाल्या, ‘इसरले बाई.’ आणि भाकरी तव्यावर टाकली. खोटं नव्हतं ते. मी तोंड बघत होते त्यांचं. खरंच आठवत होत्या, आणि खरंच आलं नाही. मग मला नाही सांगता आलं माझं.

आणि परवाचीच गोष्ट — लसूण सोलून झाला, त्या दुपारी ऑफिसातला फोन वाजला, कुणी नव्हतं म्हणून मी उचलला. पलीकडून माणूस म्हणाला, ‘तेजस्विनी का?’ आणि मी म्हटलं — पटकन, विचार न करता — ‘हो, बोला, मीच.’ तो हसला. म्हणाला, ताई, तारीख रिकामी आहे का? मी फोन ठेवला आणि तिथंच खुर्चीवर बसले. इतके दिवस मला वाटत होतं, आपल्याला या नावाची सवय होत नाही ही आपली अडचण आहे. अडचण ती नाहीच आहे. सवय व्हायला लागलीय.

उन्हात आलात तुम्ही, जरा इकडे सरका, शिंगांच्या सावलीत. हां — शिंगं. शिंगांवरून आठवलं. आजचीच गोष्ट, आत्ता, जेवताना. परत तोच वाद. रणजित म्हणतायत, पेंटर येऊन बसलाय, आता तरी ठरवा, अण्णा म्हणतायत, ठरलंय, बंटी, बदलायचं नसतंय. रणजित मोबाईल काढून काहीतरी वाचत होते, आणि एकदम मांडीवर थाप मारून म्हणाले, ‘अण्णा, ऐका. रेनडिअरच्या नराची शिंगं नाताळाच्या आधीच गळून पडतात. थंडीभर शिंगं राहतात ती मादीची. आपल्याला शिंगं आहेत. म्हणजे आपला बंटी बाई आहे!’ सगळे हसले. मला वाढताना हातातला डाव पडेल की काय वाटलं. तर सासूबाई काय म्हणाल्या माहितीय? ‘मादी हाय व्हय? मग कशाचा वाद घालताय मघापास्नं? मादीचं नाव काय, बदललं तरी चालतंय.’

मी अण्णांकडे बघितलं. मला खरंच वाटलं, काका, की ते आता म्हणतील, जनावर ते जनावर. एवढा फायबरसाठी धरून ठेवलेला नियम. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, ताकात बुडवला, आणि म्हणाले, ‘आता मादीच असंल तर मग… बगा तुमचं तुमी.’ झालं. सगळ्या भावकीला इतके दिवस जे ठरवता येईना ते ताकाची वाटी संपायच्या आत ठरलं. टीना. इंग्रजीत पहिलं अक्षर लॉनचं तेच, त्यामुळे गुरुजींचंही राहिलं. विश्वजीतनी माझ्याकडे बघितलं एकदा, अर्धवट — तसंच, ताटाच्या वेळचं — आणि म्हणाले, ‘टीना इज गुड.’

तर ‘टीना’ लिहायचं आहे. सांगितलं. माझं काम झालं. पण थांबा ना जरा, अजून नका बुडवू ब्रश. कारण दुसरं एक ठरलंय. मी वाढून वळले तशी सासूबाई म्हणाल्या, माझ्या मागंच, ‘कानाच्या डाक्टरकडं नंबर लावलाय. आता जेवून उठले की जयसिंगरावांना फोन लावते. म्हणते, या तुमी बी, अन् आमच्या तोंडावर सांगा खरं काय त्ये.’ जयसिंगराव म्हणजे माझे वडील. आणि ते काय करतील ते मला माहीत आहे. ते विचारणार नाहीत, कुठले कान, कसले कान. काटा हातात असलेला माणूस, आयुष्यभर एक पोतं इकडचं तिकडं केलं नाही, पण मुलीच्या सासरकडून फोन आला म्हटल्यावर ते टोपी काढतील, फोनवर टोपी काढतील हो, आणि म्हणतील, चुकलं आमचं. न केलेल्या गोष्टीसाठी म्हणतील. मग इथं येऊन हात जोडून उभे राहतील — या कमानीखाली. आणि मला हाक मारतील, तर काय म्हणून मारतील? लग्नानंतर आईचा फोन आला होता ना पहिला, लॅंडलाइनवर, तर ती म्हणाली होती, ‘तेजस्विनी आहे का?’ माझी आई. शिष्टाचार म्हणून. मी ‘नाही’ म्हणून ठेवून देणार होते. तर वडिलांनी, इतक्या लोकांत, त्या आवाजात, तेजस्विनी म्हणून हाक मारली आणि मी वळले — वळले तर? मला बाकी काही नको आहे. माझ्याबद्दल काय वाटायचं ते वाटू दे, बहिरी म्हणू देत. पण त्यांनी माफी मागायची नाही. आणि ती हाक बदलायची नाही.

हं. दार वाजलं. आले सगळे. रणजित मोबाईल धरूनच आलेत, फोटो काढणार तुमच्या पाटीचा. विश्वजीत बडीशेप खातायत. अण्णा पायरीवरच थांबलेत. आणि सासूबाईंच्या हातात फोन आहे, चष्मा डोक्यावरून खाली घेतायत, नंबर शोधतायत —

‘तेजस्विनी! अगं ए तेजस्विनी!’

ऐकलंत ना? मीही ऐकलं. बघा, आता हातवारे करतायत. नाही, तुम्ही हलू नका, तुम्ही ब्रश तसाच धरा, पाटी कोरीच राहू दे. चहाचा कप इकडे द्या. झालं आपलं बोलणं. आता तुम्ही मला ओळखत नाही.

“आई, पप्पांना फोन लावू नका, माझे कान ठणठणीत आहेत. अण्णा — खाली येऊ नका, तिथूनच, लांबूनच, एकदा शेफाली म्हणून हाक मारून बघा.”